उजव्या हाताच्या बांगड्या

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं की भेटायला येणारा प्रत्येक माणूस "घाबरू नका" म्हणतो आणि स्वतः घाबरलेल्या तोंडानं चहा पितो. मी तसं काही सांगणार नाही. मी चांगली घाबरले होते. घाबरतच जेवत होते, घाबरतच सुनेला ओरडत होते. तेव्हा तुम्हीही खुशाल घाबरा, फक्त गोळ्या वेळेवर घ्या आणि डॉक्टरांना जे विचारायचं ते तोंडावर विचारा.

मी जमुनाबाई राठोड. जवळा बाजारच्या पलीकडे आमचा तांडा आहे. शाळा सातवीपर्यंत. बायकांना जागा राखीव झाली तेव्हा एकदा सरपंच होते, त्यामुळे मोठ्यानं बोलायची सवय लागली आणि ती काही सुटली नाही. घरात आम्ही आमच्या बंजारा बोलीत बोलतो, पण इथं सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते, म्हणजे तुम्हाला अडखळायला नको.

आजाराआधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईच्या दोन्ही हातांत रुंद पांढऱ्या बांगड्या असतात. काही कोपराच्या खाली, काही वर दंडावर. आम्ही त्यांना बलिया म्हणतो. कोपराखालच्या काढता-घालता येतात. दंडावरच्या मात्र नवरा आहे तोवर उतरत नाहीत. तो गेला की तांड्यातल्या बायका येऊन उतरवतात. हल्लीच्या पोरी हे घालत नाहीत. माझ्या सुनेनं घातलं नाही आणि मीही आग्रह धरला नाही. पण माझ्या लग्नात बायकांनी तेल लावून, ओढूनताणून त्या चढवल्या तेव्हा माझे दंड काटकीसारखे होते. पुढं लेकरं झाली, अंग भरलं आणि बांगड्या दंडात रुतून बसल्या. त्या मला कधी जड वाटल्या नाहीत. झोपेत कूस बदलताना त्यांचा आवाज आला नसता तर मला चुकल्यासारखं झालं असतं.

धाप

सुरुवात धापेनं झाली. हंडा उचलला की धाप, शेतातून आलं की धाप, शेवटी शेवटी नुसतं भांडलं तरी धाप. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, "भांडू नको मग." त्यांना वाटलं उपाय सापडला.

उपकेंद्राच्या शिंदे सिस्टर तांड्यावर यायच्या. गरोदर बायका, लेकरं, म्हातारी माणसं, सगळ्यांना बघायच्या. माझं बीपी बघायचं म्हटलं की पंचाईत. पट्टा दंडाला बांधावा तर दंडावर जागाच नाही. मग त्या कोपराच्या खाली बांधायच्या, बराच वेळ कानाला नळी लावून बसायच्या आणि म्हणायच्या, "नीट ऐकूच येत न्हाई बघा मावशी. पण बरं दिसून राहिलं." मीही म्हणायची, बरंच आहे. तांड्यातल्या माझ्या वयाच्या सगळ्याच बायकांचं बीपी असंच बघितलं जायचं. सिस्टरांचा त्यात काही दोष नव्हता. बांगड्या वर सरकवायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला होता, तर कातडीच सोलली.

पाय सुजायला लागले तेव्हा मुलगा दिलीप मला हिंगोलीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. काही बोलले नाहीत. मी सरपंच राहिलेली बाई, गप्प बसलेल्या साहेबाचं मला बरोबर कळतं. म्हटलं, "काय असंल ते सांगा." ते म्हणाले, औरंगाबादला जा, उशीर करू नका.

निदानाचा दिवस

औरंगाबादच्या त्या मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफीसारखं एक यंत्र छातीवर फिरवतात. पडद्यावर माझं हृदय दिसत होतं. मला वाटलं होतं ते धडधडत असेल, पण ते धापा टाकल्यासारखं हलत होतं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणी कधीतरी तापात सांधे धरले असतील, त्या तापानं एक झडप आखडली आहे. ती बदलावी लागेल.

ते ऐकून मी तितकीशी हादरले नाही. मोटारीचा एखादा भाग बदलतात तसंच काहीतरी असेल, असं मनाला सांगितलं. हादरले ती पुढच्या गोष्टीनं. रक्त तपासून आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "तुमचं बीपी आजवर कुणी नीट तपासलंय का?"

तिथल्या सिस्टरनी मोठा पट्टा आणून माझ्या मांडीला बांधला आणि बीपी बघितलं. ते चढलेलं होतं, आणि डॉक्टरांच्या मते बऱ्याच वर्षांपासून चढलेलं असावं. त्यात दोन्ही किडन्या थकल्या होत्या. अजून काम करत होत्या, पण थकल्या होत्या. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात, तेव्हा किडन्यांवर ताण येतो. चांगल्या किडन्या तो सोसतात. माझ्या सोसतील की नाही, ते आधी सांगता येत नव्हतं. न सोसल्या तर पुढं मशीनवर रक्त धुवावं लागेल, कदाचित काही दिवस, कदाचित कायमचं.

आमच्या तांड्यावरून औरंगाबाद किती लांब आहे हे तुम्हाला माहीत नसेल, पण मला माहीत होतं. कायमचं मशीन म्हणजे घर सुटलं, शेत सुटलं, नातवंडं सुटली. झडपेची भीती बाजूला राहिली आणि मला किडन्यांची भीती बसली. मालक बाहेर बाकावर बसले होते. त्यांना मी एवढंच सांगितलं की ऑपरेशन करायचं आहे. बाकीचं दिलीपनं सांगितलं. ते आत आले, माझ्या पायांशी बसले आणि सूज उतरली का ते बोटानं दाबून बघत राहिले.

पट्ट्याचा प्रयोग

ऑपरेशनच्या आधी भरती केलं. वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई यायच्या, कुलकर्णी मॅडम. त्या ऑपरेशन करणाऱ्या नव्हत्या. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये आणि त्यानंतर रोग्याचं हृदय, किडन्या कशा जपता येतील, यावर तिथं संशोधन चालू होतं, त्याचं काम त्या बघायच्या. माझ्या खाटेवर बसूनच बोलल्या, हे मला आवडलं.

"मावशी, एक विचारायचंय. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही, हे आधी सांगते."

मग त्यांनी समजावलं. बीपीचा असतो तसला पट्टा दंडाला बांधायचा. इतका आवळायचा की हातात रक्त जाणं थांबेल. थोडा वेळ ठेवायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा. असं दोन-चारदा, भूल दिल्यावर आणि ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी. हाताची अशी थोडी उपासमार झाली की सगळं शरीर सावध होतं, आणि मग पुढचा मोठा ताण हृदय आणि किडन्या जास्त चांगला सोसत असाव्यात, असा अंदाज आहे.

मला हे लगेच पटलं. मिरचीची रोपं वाफ्यातून उपटून शेतात लावायची असली की आधी काही दिवस त्यांचं पाणी तोडतात. ताण दिलेलं रोप शेतात उन्हाला लवकर मान टाकत नाही. मी मॅडमना ते सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "बरंचसं तसंच. पण रोपाचं तुम्हाला पक्कं माहीत आहे, माणसाचं आम्हाला अजून पक्कं माहीत नाही. म्हणून तर बघतोय."

मग अवघड भाग आला. ज्या रोग्यांनी होकार दिला, त्यांच्यातल्या निम्म्यांचा पट्टा आवळणार आणि निम्म्यांना नुसता बांधणार, आवळणार नाही. कुणाचं काय, हे कॉम्प्युटर ठरवणार. रोग्याला सांगणार नाहीत, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाही सांगणार नाहीत.

"असं काहून?" मालकांनी विचारलं.

उत्तर मीच दिलं. मी सरपंच असताना शेतीखात्याचे साहेब तांड्यावर आले होते. त्यांनी एकाच वावरात बांधाच्या अलीकडं नवं खत टाकलं आणि पलीकडं टाकलं नाही. दोन्हीकडं टाकलं असतं तर पीक खतानं आलं की पावसानं, कळलं नसतं. मालकांना ते आठवत होतं, कारण खत न टाकलेला तुकडा आमचा होता आणि ते वर्षभर कुरकुरत होते.

कागद मी स्वतः वाचला, बोट ठेवून. मग मॅडमची नजर माझ्या दंडावर गेली.

बांगड्यांचा प्रश्न

ऑपरेशनसाठी कोपराखालच्या बांगड्या काढाव्याच लागणार होत्या. मनगटात सुई घालून बीपी बघतात, त्यामुळे तिथं काही नको. त्या मी हसत काढून दिल्या. दंडावरच्यांबद्दल भुलेचे डॉक्टर आधी नाहीच म्हणाले. मग माझं तोंड बघून म्हणाले, वरून पट्टी गुंडाळतो, पण हात सुजला तर विचारायला थांबणार नाही, कापून टाकीन. म्हणजे ऑपरेशन बांगड्यांसकट होऊ शकत होतं. पट्ट्याच्या प्रयोगाला मात्र एक दंड पूर्ण मोकळा हवा होता. आणि रुतलेल्या बांगड्या सरकून निघणार नव्हत्या, कापाव्याच लागणार होत्या.

मालकांनी मॅडमना विचारलं, "म्हंजे हिच्या बांगड्या कापायच्या, अन् मंग पट्टा आवळतील का न्हाई तेबी सांगणार न्हाईत?"

"नाही सांगणार, मामा."

"अन् आवळला तरी किडन्या वाचतीलच असं न्हाई."

"नाही. तसं म्हटलं तर मी खोटं बोलेन."

मालक उठून बाहेर गेले. मॅडम म्हणाल्या, घाई नाही, नाही म्हटलंत तरी मी रोज तुमच्याशी गप्पा मारायला येईन.

दुसऱ्या दिवशी माझी नणंद सोनाबाई आली. मालकांची थोरली बहीण. वैधव्य येऊन तिला खूप वर्षं झाली. कुणी तरी तिच्या कानावर घातलंच होतं. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं सुरुवात केली.

"जित्या नवऱ्याचा चुडा उतरवती व्हय? तुला झालंय तरी काय?"

"बाई, एकाच हाताचा."

"एका हाताचा काय अन् दोन हातांचा काय? अर्धा नवरा मरतो का?"

मी तिला रोप सांगितलं, खत सांगितलं. तिला त्यातलं काही नको होतं. तिनं लुगड्याचा पदर मागं सारला आणि आपला दंड माझ्यापुढं धरला. म्हातारा, मोकळा दंड. बांगड्या जिथं बसायच्या तिथली कातडी अजूनही बाकी हातापेक्षा उजळ होती.

"हे बघ," ती म्हणाली. "हे असं दिसतं. बायांनी मला धरून बसवलं अन् काढल्या. त्या दिवसापासून मला कुणी लग्नात पुढं बोलावलं न्हाई. तू आपल्या हातानं हे मागून घेऊन राहिली."

ती रागावली नव्हती, तिला माझी काळजी होती. मला रडू आलं आणि मी रडले. नातेवाइकांपुढं रडायचं नाही असा माझा नियम होता, तो तिथं मोडला. किडन्यांसाठी मी रडत होते की बांगड्यांसाठी, आता सांगता येणार नाही. मला जगायचं होतं, आणि तांड्यात पहिल्यासारखी वागणूकही हवी होती, आणि दोन्ही एकदम मिळतील असं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, राहू दे, मॅडमना नाही सांगते.

मालक दारात उभे राहून सगळं ऐकत होते. संध्याकाळच्या आत बाजारातून एक आरीचं पातं घेऊन आले.

व्हरांड्यात

हाडांच्या वॉर्डात प्लास्टर कापायचं यंत्र होतं, कापायच्याच तर ते वापरू, असं सिस्टर पातं बघून म्हणाल्या. मालकांनी मान हलवली. "यंत्र न्हाई. म्या कापतो."

सोनाबाई म्हणाली, "अरे, तू?"

"मी मेल्यावर बाया काढतात ना? मंग मी हाय तोवर मीच काढतो. त्यात कुणाला काय बोलायचंय? नवरा काढून राहिला, नवरा जिता हाय. बघायला बोलाव ज्याला बोलवायचं त्याला."

मी मॅडमच्या कागदावर सही केली आणि उजवा हात पुढं केला. मालकांनी मला व्हरांड्यात उन्हात बसवलं. दंड आणि बांगडीच्या मध्ये रुमालाची घडी सारायला जागा नव्हती, म्हणून सिस्टरनी तेल आणून दिलं. माझ्या लग्नात चढवताना तेल लागलं होतं, उतरवतानाही तेल लागलं. मालकांनी रुमाल हळूहळू आत सरकवला आणि पातं चालवायला लागले. हाताला गरम लागायचं तेव्हा मी "हां" म्हणायची आणि ते फुंकर घालायचे. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या हातावर पडत होता. वॉर्डातले निम्मे रोगी खिडकीला येऊन उभे राहिले.

शेवटची बांगडी निघाली तेव्हा त्यांनी सगळे तुकडे रुमालात बांधले आणि सोनाबाईच्या हातात दिले. "घरी ठेव," म्हणाले. तिनं ते घेतलं. मग तिनं माझा दंड तेलाच्याच हातानं चोळला, वरपासून खालपर्यंत, लहान लेकराचा चोळतात तसा. कातडी मुळ्यासारखी पांढरी पडली होती आणि वाऱ्यानं थंड लागत होती.

त्याच दंडाला मॅडमनी पहिल्यांदा बीपीचा पट्टा बांधला. माझ्या आयुष्यातला दंडावरचा पहिला पट्टा. "आता खरं कळलं," त्या म्हणाल्या.

लघवीची बातमी

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, त्यामुळे सांगत नाही. जाग आली तेव्हा तोंडात नळी, नाकात नळी, छातीवर कुणीतरी जातं ठेवल्यासारखं. बोलता येत नव्हतं, हा माझ्यासाठी सगळ्यांत मोठा त्रास. पहिल्यांदा मी काय केलं असेल तर डावा हात हलवून बघितला. पट्टीखाली बांगड्या होत्या.

अतिदक्षता विभागात तुमच्या हृदयापेक्षा लघवीला जास्त मान असतो, हे कुणी आधी सांगत नाही. खाटेला पिशवी लटकवलेली असते. येणारा प्रत्येक जण आधी तुमच्याकडं न बघता तिच्याकडं बघतो. सिस्टर वाकून बघतात, डॉक्टर वाकून बघतात, झाडणारी मावशीसुद्धा जाता जाता बघते. पाणी मात्र मोजून, घोटभर देतात. ओठ सुकून जातात. एका सिस्टरनी ओल्या कापसानं माझे ओठ पुसले होते. तिचं नाव विचारायचं राहिलं, पण तिचा हात मला ओळखता येईल.

आधी सगळं ठीक होतं. मग पिशवीत कमी येऊ लागलं. रक्तातला किडनीचा आकडा वर गेला, दुसऱ्या दिवशी आणखी वर. डॉक्टर पडद्याआड मशीनबद्दल बोलताना मी ऐकलं. आजाराच्या सगळ्या दिवसांत खरी भीती ती. वेदनेत माणूस ओरडतो, इथं ओरडण्यासारखं काही नव्हतं, फक्त वाट बघायची होती. मी छताकडं बघून माझ्या किडन्यांना आमच्या बोलीत शिव्या दिल्या, मग विनवणी केली. म्हटलं, बायांनो, एवढी वर्षं मी तुमची विचारपूस केली नाही, कबूल, पण आता पळून जाऊ नका.

मालकांना थोडा वेळ आत सोडायचे. ते पिशवीकडं बघायचे आणि माझा उजवा हात धरून उभे राहायचे. "आवळला असंल," असं एकदा म्हणाले. "मॅडमच्या तोंडावरून वाटून राहिलं. आवळलाच असंल."

आणि मग, मशीन लावायचं का यावर शेवटचा विचार चालू असतानाच, पिशवी भरू लागली. हळूहळू, पण भरू लागली. मालकांनी बाहेर जाऊन दिलीपच्या मोबाइलवरून तांड्यात फोन लावला आणि साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे ओरडले, "लघवी चांगली हाय!" तांड्यात त्या दिवशी गूळ वाटला, असं सोनाबाई सांगते. कुणाच्या लघवीसाठी गूळ वाटल्याचं मी तरी दुसरं ऐकलं नाही.

घरी

घरी आल्यावर अशक्तपणाचा त्रास होईल हे माहीत होतं. लोकांच्या नजरेचा होईल हेही माहीत होतं, पण तो इतका होईल असं वाटलं नव्हतं. हातपंपावर बायका बोलता बोलता माझ्या उजव्या हाताकडं बघायच्या. लहान पोरी सरळ विचारायच्या, "आजी, एकाच दंडावर काहून?" त्यांना सांगायला सोपं जायचं. मोठ्या विचारायच्याच नाहीत.

शेजारच्या तांड्यात एक लग्न होतं. मी सुनेबरोबर गेले. सवाष्णींना कुंकू लावत एक बाई रांगेनं येत होती, आम्हाला न ओळखणारी. तिची नजर माझ्या उजव्या दंडावर गेली आणि हात तसाच थांबला. तिला काही समजेना. भरलेला डावा हात माझ्या पदराखाली होता. मी पदर सारणार एवढ्यात पुरुषांच्या बाजूनं मालक उठले, बायकांमधून वाट काढत आले आणि माझ्या उजव्या बाजूला मांडी घालून बसले.

"लाव," त्या बाईला म्हणाले. "मी हाय."

बायका इतक्या हसल्या की नवरीसुद्धा मान वळवून बघायला लागली. कुंकू लागलं. मालक मात्र उठले नाहीत, लग्न लागेपर्यंत बायकांतच बसून राहिले. सोनाबाईनं त्यांना खूप चिडवलं. तेव्हापासून एसटीत, बाजारात, जेवणावळीत, कुठंही ते माझ्या उजव्या बाजूला असतात. चुकून मी त्यांच्या उजवीकडं गेले तर वळसा घालून येतात. कारण विचारलं तर म्हणतात, "लोकांनी विचारायच्या आदी मी दिसलो पायजे."

मॅडमचं उत्तर

तपासणीसाठी औरंगाबादला जाणं होतच होतं. असंच एकदा गेलो तेव्हा कुलकर्णी मॅडम म्हणाल्या, आमच्या इथलं काम पूर्ण झालं, आता ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांना सांगू शकतो. तुम्हाला हवंय का?

मी मालकांकडं बघितलं. ते म्हणाले, "सांगा."

मॅडमनी माझ्याकडं बघून शांतपणे सांगितलं, "मावशी, तुम्हाला पट्टा नुसता बांधला होता. आवळला नव्हता."

मी विचारलं, मग ज्यांचा आवळला त्यांना फायदा झाला का? त्या म्हणाल्या, काही ठिकाणी झाल्यासारखा दिसतो, काही ठिकाणी नाही. अजून ठाम सांगता येत नाही, तुमच्यामुळं एवढं तरी कळलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खत न टाकलेला तुकडा लागतो, हे मीच मालकांना शिकवलं होतं. पुन्हा तोच तुकडा आमच्या वाट्याला आला, एवढंच.

परतीच्या एसटीत मालक जिंतूर मागं पडल्यावर म्हणाले, "म्हंजे फुकट कापल्या."

उत्तर ऐकल्यावर आधी मलाही तसंच वाटलं होतं. पण मॅडमनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी त्यांना पुन्हा सांगितली. माझ्या किडन्या ऑपरेशनच्या आधी जेवढं काम करत होत्या, त्यापेक्षा आता थोडं जास्तच करतात. कारण बीपी ताब्यात आहे. ताब्यात आहे कारण शिंदे सिस्टर दर महिन्याला ते नीट बघतात आणि गोळी कमी-जास्त करायला डॉक्टरांना कळवतात. आणि नीट बघता येतं, कारण दंड मोकळा आहे. मांडीचा मोठा पट्टा उपकेंद्रात नाही.

ते ऐकून मालकांनी माझा उजवा हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला, भरल्या एसटीत, आणि तांड्याचा फाटा येईपर्यंत तसाच ठेवला.

आता

बीपी बघायच्या दिवशी सोनाबाईच तांड्यातल्या बायकांना उपकेंद्रात जमवून आणते. काही जणींनी एका हाताच्या कापून घेतल्या, नवऱ्याच्या हातून. काहींनी नाही घेतल्या, त्यांना कुणी टोचून बोलत नाही. मी तरी बोलत नाही, आणि मी बोलत नाही म्हणजे कुणीच बोलत नाही. डाव्या हाताच्या माझ्या अजून आहेत. झोपेत कूस बदलली की वाजतात.

महिन्याचा दिवस आला की मी उपकेंद्रात जाऊन बाकावर बसते. मालक उजवीकडं येऊन बसतात. शिंदे सिस्टर यंत्र घेऊन येतात आणि दर वेळी तेच म्हणतात, "मामा, जरा सरका. पट्टा बांधायचाय."

मालक उठतात. दंडाला पट्टा नीट बसला का ते वाकून बघतात. "बाई, चांगला आवळा," ते सिस्टरना सांगतात. "तिकडं आवळला नव्हता." मग आकडा ऐकून होईपर्यंत समोर उभे राहतात, आणि पट्टा सुटला की परत उजवीकडं येऊन बसतात.